आमची वाटचाल: नौपाड्यातला डोळ्यांचा दवाखाना

1991 साली ठाण्यातल्या नौपाड्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दवाखाना सुरू केला, तेव्हा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया म्हणजे दहा-बारा मिलिमीटरचा छेद, केसाहून बारीक अशा 10-0 नायलॉन धाग्याचे टाके आणि पुढे कित्येक आठवडे डोळा जपणे. डोळ्यात बसवायच्या भिंगाची किंमत सांगताना माझीच जीभ अडखळत असे, आणि ज्याला ती झेपत नसे त्याला +10 नंबरचा जाड चष्मा देऊन घरी पाठवावे लागे. 1992 मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ऑरोलॅब सुरू केली, तिथली भिंगे हळूहळू आमच्यापर्यंत पोहोचली, आणि शहापूर-मुरबाडकडून एसटीने येणारा शेतकरीही भिंग बसवून परत जाऊ लागला.

दवाखान्याचा अर्धा भार पहिल्या दिवसापासून माझ्या पत्नीने उचलला. ती औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर. शस्त्रक्रियेत वापरलेल्या प्रत्येक बाटलीचा, प्रत्येक भिंगाचा बॅच नंबर रुग्णाच्या नावासमोर लिहायचा, हा तिचा नियम होता. दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये मी घाई करू लागलो, तरी नोंद झाल्याशिवाय ती पुढचा ट्रे उघडू देत नसे.

जांभळी नाक्याजवळ घड्याळे दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे लांबचे स्वच्छ दिसेल असा भिंगाचा नंबर काढला. त्यांनी मला थांबवले. "डॉक्टर, लांबचे बघायला चष्मा लावीन, माझे काम वीतभर अंतरावर चालते," असे ते म्हणाले. मग ए-स्कॅनने, म्हणजे ध्वनिलहरींनी, डोळ्याच्या लांबीची मापे पुन्हा घेतली आणि डोळ्याचा नंबर उणे तीनवर राहील असे भिंग निवडले, म्हणजे साधारण 33 सेंटिमीटरवरचे बिनचष्म्याचे स्पष्ट दिसावे. माणूस दिवसभर हातांनी काय करतो, हे भिंग निवडण्याआधी विचारावे, हे मी त्यांच्याकडून शिकलो. पुढे शस्त्रक्रियेच्या माझ्या बारीक मॅकफर्सन चिमट्यांची टोके वाकली की ते चिमटे त्यांच्याकडेच जात. डोळ्याला काच लावून ते टोकाला टोक असे जुळवून देत की तो 10-0 चा धागा पकडताना जराही निसटत नसे. पैसे मात्र त्यांनी कधी घेतले नाहीत.

1999 मध्ये बँकेचे कर्ज काढून फेकोचे यंत्र घेतले. चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये दाखवलेली ही पद्धत. श्राव्यातीत कंपनांनी मोतीबिंदू फोडून तीन मिलिमीटरच्या छेदातून ओढून घ्यायचा. नव्या डॉक्टरांना माझे सांगणे आहे की, यंत्राच्या आधी दुसरा ऑटोक्लेव्ह, म्हणजे अवजारे वाफेने निर्जंतुक करणारी पेटी, आणि अवजारांचे पुरेसे संच घ्या. रुग्ण यंत्राचे नाव विचारतो, पण त्याचा डोळा वाचतो तो दाबाखालच्या वाफेमुळे.

2004 च्या पावसाळ्यात एका गुरुवारी आम्ही आठ शस्त्रक्रिया केल्या. शुक्रवारी सकाळी पट्ट्या उघडल्या, तर तिघांच्या पापण्या सुजलेल्या, बुबुळ धुरकट आणि आतल्या पाण्यात तळाशी पू साचलेला. त्याच दुपारी तिघांना घेऊन मी मुंबईत डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या तज्ज्ञांकडे गेलो. डोळ्यातल्या द्रवाचा नमुना घेऊन व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम या प्रतिजैविकांची इंजेक्शने थेट डोळ्यात देण्यात आली. दोघांची दृष्टी वाचली. कळव्याच्या एका आजींचा तो डोळा गेला. त्यांच्या मुलासमोर बसून मी ते सांगितले, त्या अर्ध्या तासाइतका जड वेळ माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही.

शस्त्रक्रियागृह बंद केले. पत्नीच्या वहीवरून दिसले की आठांपैकी याच तिघांना डोळा धुण्याच्या द्रावणाच्या एका नव्या बॅचच्या बाटल्या लावल्या होत्या. त्या बॅचच्या न उघडलेल्या बाटल्या आम्ही प्रयोगशाळेत पाठवल्या, आणि तिघांच्या डोळ्यांत सापडलेला स्यूडोमोनास हा जंतू त्यांतही वाढला. अहवालासह पुरवठादार कंपनीला मी तीन पत्रे लिहिली, पण एकाचेही उत्तर आले नाही. नवी बॅच चाचणीशिवाय वापरली, हा दोष माझा होता आणि तो मी रुग्णांसमोर मान्य केला.

बातमी मात्र आमच्याआधी ठाणेभर पोहोचली. जवळच नुकतेच उघडलेल्या एका मोठ्या नेत्ररुग्णालयाची माणसे शिबिरांत माझ्या दवाखान्याचे नाव घेऊन "तिथे डोळे जातात" असे सांगत, आणि प्रयोगशाळेचा अहवाल मी त्यांच्या प्रमुखांना स्वतः नेऊन दाखवला, त्यानंतरही ते थांबले नाही. व्यवसायातली स्पर्धा मला मान्य आहे. पण ज्याला खरे कारण ठाऊक आहे त्यानेच भीती विकावी, हे मी आजही विसरलेलो नाही. महिन्याच्या साठ शस्त्रक्रिया सातवर आल्या. यंत्राचा हप्ता थकला, तेव्हा पत्नीने दागिने मोडून कर्मचाऱ्यांचे पगार दिले.

शस्त्रक्रियागृह पुन्हा उघडले, त्या दिवसाच्या यादीत पाच नावे होती. चौघांनी येत नसल्याचे कळवले. पाचवे घड्याळवाले काका, डावा डोळा. ते ठरल्या वेळेच्या आधी आले, अवजारे निर्जंतुक झाल्याची खूण म्हणून ऑटोक्लेव्हच्या पट्टीचा रंग बदललेला त्यांनी स्वतः पाहिला, वही मागून घेतली आणि बॅच नंबरवर बोट ठेवून विचारले, "ही बाटली तपासलीत ना?" मी अहवाल दाखवला. मग ते टेबलावर जाऊन झोपले.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांच्या ओळखीचे दोन सोनार आले, मग त्या सोनारांचे नातेवाईक. कर्ज फिटायला 2009 उजाडले. आता प्रत्येक नव्या बॅचची एक बाटली आधी प्रयोगशाळेत जाते, पाच टक्के पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक पडल्याशिवाय डोळ्याला ब्लेड लागत नाही आणि शस्त्रक्रिया संपताना डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडले जाते. बॅच नंबरची वही आज माझी सून लिहिते, आणि कंपनीला पाठवलेल्या तिसऱ्या पत्राची प्रत प्रत्येक नव्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेली असते.