तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही वेगळे झालेलो नाही

गणपतीत विचारलं, दिवाळीत विचारलं, परवा हळदीकुंकवाला परत तेच. नवरा आणि मुलगा न्यू जर्सीत, तू एकटी इथे नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीत, सगळं ठीक आहे ना गं? ठीक आहे हो. मुलगा लॅक्रॉस खेळतो (जाळीच्या स्टिकने बॉल झेलायचा-फेकायचा खेळ), त्यासाठी तिथली शाळा घेतली, आणि शाळांच्या खेळांच्या ट्रान्सफर नियमापायी दोन घरं झालीत, बाकी काही नाही.

नियम एवढाच की शाळा बदलली आणि घरही खरंच हललं असेल तर मूल लगेच खेळू शकतं, नाहीतर सीझनचा काही भाग बाहेर बसायचं. न्यू जर्सीत बऱ्याच प्रायव्हेट शाळाही सरकारी शाळांच्याच खेळ-संघटनेत असतात, त्यामुळे तिथेही हेच. मग बसायचं होतं थोडं, असं म्हणता तुम्ही. अहो पण २०१७ च्या नियमाने डिव्हिजन वनचे, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांचे कोच अकरावीच्या १ सप्टेंबरपर्यंत मुलाशी बोलूच शकत नाहीत (नियम चांगलाच आहे, आधी आठवी-नववीतली पोरं कॉलेजला शब्द देऊन बसायची), म्हणजे त्याआधी ते बघणार तो दहावीचा स्प्रिंग सीझन, आणि तोच बाहेर बसून घालवायचा? वर्ष रिपीट करावं तर खेळायला नववीपासून सलग आठच सेमिस्टर मिळतात, म्हणजे बारावीत खेळणं बंद.

शाळेने ओढलं का, हेही विचारता. समरच्या टुर्नामेंटमध्ये तिथले कोच आधी आमच्याशी बोलायला आले. तसं करायला मनाई आहे, आम्हाला माहीत होतं, तरी आम्ही ऐकलं आणि आनंदलो.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. घर खरंच हललंय का ते बघायला शाळेचे एक सर अपार्टमेंटवर येणार होते, म्हणून मी आदल्या दिवशी विमानाने गेले. दोन गाद्या, एक टेबल, बाकी रिकामं. मी कपाटात चार कुर्ते लटकवले, बाथरूममध्ये माझा शॅम्पू ठेवला, फोडणीचा डबा तर मुद्दाम ओट्यावर, दिसेल असा. सर सज्जन होते, फार काही उघडून बघितलं नाही, निघताना सहज म्हणाले, तुम्ही सगळे इथेच राहता ना? मी गप्प, नवरा गप्प. पंधरा वर्षांचा माझा मुलगा म्हणाला, हो, आई पण इथेच असते. अगदी सरळ त्यांच्या डोळ्यात बघून. सर गेल्यावर त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, स्टिक उचलली आणि खाली भिंतीवर बॉल मारत बसला, अंधार पडेपर्यंत.

तेव्हा मी स्वतःला समजावलं की खोटं कुठे, जूनमध्ये मी जाणारच आहे. ऑफिसने ट्रान्सफर दिली नाही हा काय माझा दोष? पण मार्चमध्येच ते कळलं होतं आणि सीझन चालू होता, तेव्हा मी शाळेला फोन केला नाही, हा माझाच.

तो खेळतोय, छान खेळतोय. त्याच्या जागी जो बेंचवर गेला त्याची आई मॅचला माझ्या शेजारी बसते, आम्ही चहा वाटून घेतो. परत वेळ आली तर तसंच करशील का, असं नवरा मला विचारतो, मी त्याला विचारते. कुणीच उत्तर देत नाही.