पो नदीकाठचा सायकलमार्ग: काठ आहे, नदी नाही

पो ही इटलीतली सगळ्यांत लांब नदी, ६५२ किलोमीटर. स्तेल्लाता गावापासून समुद्रालगतच्या गोरिनोपर्यंत तिच्या उजव्या बांधावरून सव्वाशेच्या आसपास किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. पत्रकात लिहिलंय, ‘सपाट आणि सोपा’. सपाट आहे, सोपा अजिबात नाही. बांधावर झाडाची सावली नाही, आणि बांध व पात्र यांच्यामध्ये पॉप्लरची लागवड असल्याने नदी तासन् तास दिसत नाही. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की चढ नसतानाही घाट चढल्यासारखं होतं. पहाटे निघा, तीन लिटर पाणी घ्या. गावांतले बार, म्हणजे तिथले कॅफे, ऐन दुपारी बंद मिळाले. जुलै-ऑगस्टात तर जाऊच नका. संध्याकाळी डास फोडून काढतात.

बांध एवढे उंच का, ते मात्र वाटेतच कळतं. स्तेल्लाताच्या गढीसमोर, पलीकडच्या काठावर फिकारोलो. तिथे ११५२च्या सुमारास बांध फुटला आणि मुख्य प्रवाह फेरारा शहराला सोडून उत्तरेकडे सरकला. पुढे समोर ओक्कियोबेल्लो लागतं. १४ नोव्हेंबर १९५१ला तिथलाही बांध फुटला, पोलेसिने हा पलीकडचा सखल प्रदेश पाण्याखाली गेला आणि दीड लाखाहून जास्त माणसं बेघर झाली. हे डोक्यात असलं की त्या कंटाळवाण्या मातीच्या भिंतीवर चिडता येत नाही. मी तरीही चिडलो.

फेरारा छान आहे, मुक्काम करा.

त्रिभुज प्रदेश बराचसा माणसाने घडवलेला. आपली खाडी गाळाने भरू नये म्हणून व्हेनिसने १६०४मध्ये पोर्तो विरोला कालवा खोदून नदीच दक्षिणेकडे वळवली. विसाव्या शतकात मिथेन वायू विरघळलेलं जमिनीखालचं पाणी त्या वायूसाठी उपसलं, तशी जमीन दोन-तीन मीटर खचली. आज शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत आणि पंपांवर कोरडी राहतात. बांधावरून पाहा, एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूच्या घरांपेक्षा वर!

गोरिनोत दीपगृहापर्यंत नेणाऱ्या नावाड्याने दमलेला चेहरा पाहून दर सांगितला. बसण्याआधी भाडं ठरवा, परतीचं धरून, आणि आणखी दोघं-चौघं जमेपर्यंत थांबा. चक्कर चुकवू नका. अख्ख्या मार्गात नदी खरी तिथेच भेटली.

परतताना तोच बांध पुन्हा तुडवू नका. होड्यांच्या पुलावरून पलीकडे जाऊन आद्रिया गाठा. एड्रियाटिक समुद्राला नाव देणारं हे जुनं बंदर आता समुद्रापासून वीसेक किलोमीटर आत आहे. तिथून रोविगोची गाडी मिळते. सायकलचं तिकीट वेगळं काढा.