पंचनामा

"तू कवी झालास ना, मग अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिही काहीतरी," असा वर्गमित्राचा फोन आला. कवी वगैरे ठीक आहे. दोन संग्रह निघाले, त्यातल्या एकाचे गठ्ठे अजून माळ्यावर आहेत. पण कविता कशी होते ते मला कळलं नववीत, १९८३ साली, आणि तेही वर्गात नाही, ठाण्याच्या तलावपाळीवर.

त्या वर्षी दिवाळीनंतर वडील गेले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते लेथवर होते. शाळेचं हस्तलिखित निघायचं होतं, त्यात मी चोवीस ओळींची कविता दिली. 'पोरका' चार वेळा, 'काळीज' तीन वेळा, शिवाय 'क्रूर काळ' आणि विझलेली ज्योत. भेटायला आलेल्या मावशा-काकू ऐकून रडल्या होत्या, त्यामुळे माझी खात्रीच होती.

मराठीच्या सरांनी शाळा सुटल्यावर मला बरोबर घेतलं. मासुंदा तलावाला अख्खी फेरी झाली तरी गप्पच. मग गडकरी रंगायतनच्या बाजूला कठड्यावर टेकून म्हणाले, "यात तुझे वडील कुठे आहेत रे? हे कुणाचेही चालतील."

मग निघाल्या बहिणाबाई चौधरी. नवरा गेल्यावर बाई काय म्हणते? कुंकू पुसलं, तशी त्याखाली लपलेली करमाची रेघ उघडी पडली. "कपाळावरची टिकलीएवढी जागा, बस्स." इंदिरा संतांचे पती १९४६ साली गेले, 'शेला' हा कवितासंग्रह आला १९५१ साली. "मधे पाच वर्षं गेली. तू ओल्या भिंतीला रंग द्यायला निघालास."

"ते सोड. वडील कामावरून आले की काय करायचे?"

मी सांगत गेलो. रात्रपाळी करून सकाळी यायचे. मोरीत राखेने हात घासायचे, तरी नखांच्या कडा काळ्याच. माझ्या वह्या बघायची भारी हौस, पण पान खराब होईल म्हणून बोट लावायचे नाहीत. मूठ मिटून मनगटाच्या कडेने पान उलटायचे. आठवीच्या गणिताच्या वहीत एकदाच त्यांचा अंगठा उमटला होता.

"हं," सर म्हणाले. "बाकीचं फाड."

आठ ओळी उरल्या. वही, मनगट, अंगठा. 'बाबा' हा शब्दसुद्धा त्यांनी काढायला लावला, त्यावरून मी दोन दिवस घुम्यासारखा होतो. (आज मी होतकरू कवींना हेच करायला लावतो आणि तेही असेच फुगतात.) सकाळच्या जागी मी दिवेलागण घातली होती. खरं नाही ते, चालेल का, असं भीत भीत विचारलं. सर म्हणाले, "पंचनामा लिहितोयस का?"

हस्तलिखित बांधून आलं. सुविचार संपून विनोद सुरू होतात तिथे माझी कविता होती. एका रात्रीपुरतं मागून घरी नेलं, आईला वाचून दाखवलं. ती रडली नाही. उठून ट्रंकेतली गणिताची वही घेऊन आली, नेमकं पान काढलं आणि डागावर बोट ठेवलं.

"हा अंगठा त्यांचा कुठला? आमरस आहे हा. तूच सांडलास, मे महिन्यात."

वही खिडकीशी नेऊन बघितली. डाग पिवळट होता.