सातावरची आडवी रेघ

रॅगिंगविरोधी समितीची बैठक म्हटली की आमच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न असतो, "कितीपर्यंत मोकळे होऊ?" एरवी लवकरच होतो. वर्षाच्या सुरुवातीला एक बैठक, जिन्याशेजारी लावलेल्या फलकाचा फोटो, इतिवृत्तावर सह्या, चहा. पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि या समितीची सचिव आहे, म्हणजे पत्रं काढणं, नोंदी ठेवणं आणि तो चहा सांगणं माझ्याकडे. ऑक्टोबरातली ती बैठक मात्र सकाळी अकराला बसली आणि दिवेलागणीला उठली. सुनावणी गोपनीय असते, त्यामुळे कॉलेजचं किंवा मुलांचं नाव इथं येणार नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

सुरुवात झाली एका मेलनं. 1800-180-5522 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कुणीतरी फोन केला होता. आमच्या वसतिगृहात एफ. वाय.च्या एका मुलाला तीन सीनियर रोज रात्री उशिरापर्यंत आपल्या खोलीत बसवून ठेवतात, एवढंच त्यात होतं. फोन करणाऱ्यानं नाव दिलेलं नव्हतं. मुलगा हिंगोली जिल्ह्यातला. त्याला बोलावून लेखी जबाब घेतला, तर त्यानं सरळ लिहून दिलं, "माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. सीनियर दादा मला भावासारखे आहेत." नीटस अक्षर, कुठं खाडाखोड नाही, खाली सही आणि तारीख.

प्राचार्यांचा चेहरा तेवढ्यानं खुलला. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट तोंडावर होती. ज्याला त्रास झाला म्हणतात तोच नाही म्हणतोय, तर आपण कशाला उकरायचं, असा त्यांचा सूर. माणूस वाईट नाही. पण नॅकच्या दिवसांत भलेभले प्राचार्य कॉलेजातल्या कुंड्यांकडेही संशयानं बघायला लागतात.

अडचण अशी की नियम तसं म्हणत नाही. 2009 च्या मार्चमध्ये हिमाचलमधल्या कांगडा जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा 19 वर्षांचा विद्यार्थी सीनियरांच्या मारहाणीत गेला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे रॅगिंगविरोधी विनियम आले. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा तर त्याच्याही दहा वर्षं आधीचा, 1999 चा. त्रास सोसणारा मुलगा बहुधा तोंड उघडत नाही, हे विनियम लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक असावं. माहिती कुणाकडूनही आली तरी ती तपासावीच लागते.

समिती कशी असावी तेही त्या विनियमांत आहे. अध्यक्ष प्राचार्य, शिवाय पोलीस, नागरी प्रशासन, स्थानिक पत्रकार, युवकांसाठी काम करणारी संस्था, शिक्षक, पालक, शिक्षकेतर कर्मचारी, सीनियर विद्यार्थी आणि नव्यानं आलेले विद्यार्थीही. हे शेवटचं कलम आमच्याकडे कायम सहीपुरतं राहिलं होतं. यंदा तिथं एफ. वाय. कॉमर्सची एक मुलगी होती. बैठकीला आली ती टेबलाच्या टोकाला, खुर्चीच्या कडेवर बसली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत चकार शब्द बोलली नाही.

सकाळी आधी मुलाचे वडील भेटले. रात्रभर एसटीचा प्रवास करून वाकडेवाडीला उतरले आणि तिथून थेट कॉलेजात. हातात कापडी पिशवी. बसा म्हटलं तरी उभेच. "लेकरू फोनवर काही बोलंनाच गेलंय मॅडम," ते म्हणाले. "पण हे मिटवून टाका. त्याला इथंच शिकायचंय. पोलीस-बिलीस नको." त्यांना चहा दिला, तो त्यांनी कपाकडे न बघता संपवला.

मग ते तिघं आले. एकेकाला वेगळं बोलावलं. त्या मुलाची आणि त्यांची गाठ पडू नये म्हणून त्याला ग्रंथपालांच्या खोलीत बसवलं होतं. आरोप काय आहे ते त्यांना आधी लेखी दिलेलं होतं, उत्तराला वेळही दिला होता. या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात, पण त्या टाळल्या की पुढचा निर्णय एका वकिलाच्या पत्रानं कोसळतो. तिघांचीही उत्तरं जवळपास सारखी. पोरगा नवीन आहे, घरची आठवण काढतो, म्हणून आम्ही त्याला सोबत घेऊन बसतो. मॅगी खायला घालतो. थोडी मजा-मस्ती, बाकी काही नाही.

त्यांच्यातल्या म्होरक्याचे वडील कोथरूडहून आले होते, मुलाला कॉलेजजवळ राहता यावं म्हणून वसतिगृहात ठेवलेलं. ते म्हणाले, "आमच्या वेळी याच्या दसपट चालायचं, त्यातूनच माणूस घडतो." असं म्हणणारा घडलेला माणूस मला दर वर्षी एक तरी भेटतो. मुलगा त्याच्याही पुढं. "आम्ही त्याला हात तरी लावलाय का? नियमात कुठं लिहिलंय की सोबत बसायचं नाही?"

आमच्या माहितीपत्रकात आचारसंहितेची दोन पानं आहेत. गळ्यात ओळखपत्र हवं, वर्गात मोबाइल बंद, 75 टक्के हजेरी, दुचाकी ठरल्या जागीच लावावी, जिन्यात घोळका करू नये. सगळं डोळ्यांना दिसणारं आणि शिपायाला पकडता येणारं. सोबत बसण्याबद्दल त्यात खरंच काही नाही. पण प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थी आणि त्याचे पालक दर वर्षी रॅगिंगविरोधी हमीपत्र देतात. आता ते ऑनलाइन भरतात, त्यामुळे न वाचता पुढं सरकणं आणखी सोपं झालंय. तिघांची हमीपत्रं मी टेबलावर ठेवली. कोथरूडच्या वडिलांनी स्वतःचं नाव असलेला कागद उलटसुलट करून पाहिला.

सकाळपासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती, ती सांगते. त्या मुलाच्या जबाबाखाली तारखेत 17 होते आणि त्या सातावर मधोमध एक छोटी आडवी रेघ होती. असा सात लिहिणारी मुलं आपल्याकडे थोडी. त्याला तशी सवय लावणारे शाळेत एक गणिताचे सर होते, हे पुढं कळलं. तो सात मी नुकताच कुठंतरी पाहिला होता, आणि एफ. वाय.च्या प्रॅक्टिकलला मी जात नाही.

जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये गेले. एस. वाय.ची जर्नलं सर्टिफाय करण्यासाठी आलेली, कपाटात गठ्ठा बांधून ठेवलेली होती. सायन्सच्या बाहेरच्यांना जर्नलचं महत्त्व कळणं अवघड आहे. प्रत्येक प्रयोगाचं तत्त्व, आकृती, निरीक्षणांचा तक्ता, आकडेमोड, सगळं हातानं लिहायचं. शेवटी विभागप्रमुखांची सही असलेलं सर्टिफिकेट, आणि ते नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळे ऑक्टोबरात वसतिगृहांत रात्रीचे दिवे लवकर विझत नाहीत. अप्पा बळवंत चौकातून कोरी जर्नलं आणणं सोपं असतं, भरणं जिवावर येतं.

म्होरक्याचं जर्नल उघडलं. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन, रीडिंग 9.7. सातावर आडवी रेघ. पुढच्या पानावर 8.7, पुन्हा रेघ. दुसऱ्याचं जर्नल, तेच अक्षर, पेन्सिलीनं आखलेले तेच दुहेरी रेघांचे तक्ते. तिसऱ्याचं मात्र वेगळं निघालं, गिचमिड, शाईचे डाग, अर्धवट. ते त्याचं स्वतःचंच होतं, त्याला शोभेल असं.

दोन जर्नलं आणि तो जबाब घेऊन मी बैठकीत परतले. सगळ्यांनी ते हातोहात पाहिलं. पत्रकार सदस्य म्हणाले, "क्लासिक." प्राचार्य बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण तो म्हणू शकतो ना, स्वखुशीनं लिहिलं म्हणून?"

मुलाला आत बोलावलं. तो अगदी तसंच म्हणाला. माझं अक्षर चांगलं आहे, दादांनी विचारलं, मी लिहून दिलं. जबरदस्ती कुणी केली नाही. मी विचारलं, समितीतल्या पालकांनी विचारलं, संस्थेच्या ताईंनी फार मायेनं विचारलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर, पाठ केलेल्या कवितेसारखं. खोटं बोलतोय हे आम्हाला दिसत होतं, आणि आम्हाला ते दिसतंय हे त्यालाही कळत होतं, तरी कुणालाच पुढं सरकता येईना.

तेव्हा टेबलाच्या टोकावरून त्या मुलीनं विचारलं, "तुझं जर्नल कुठंय?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. आम्हा सगळ्यांकडे तो मघापासून टेबलावरच्या काचेतून बघत होता, तिच्याकडे सरळ पाहिलं.

"राहिलंय."

"किती?"

"सगळंच."

मग तो बोलायला लागला, आणि थांबेना. रात्री साडेदहाला बोलावणं यायचं. फोन त्यांच्याकडे ठेवून घ्यायचे, लक्ष लागावं म्हणून. दोन-अडीच वाजेपर्यंत लिहायचं. झोप आली की उभं राहून वाचून दाखवायचं, आणि तो बोलला की त्याच्या बोलण्याची नक्कल करून हसायचं. एकदा नाही म्हणून पाहिलं, तर पुढचा आठवडाभर मेसमध्ये कुणी त्याच्या टेबलावर बसेना. "मारलं नाही मॅडम," तो मधूनच म्हणायचा, त्यांची बाजू घेतल्यासारखा. दोन वाजता खोलीवर परत आल्यावर स्वतःचं जर्नल लिहायला बसायचा आणि पहिल्या ओळीवरच डोळा लागायचा. आईला सांगितलं नाही, कारण ती म्हणाली असती, परत ये.

ती मुलगी हे सगळं ऐकत बसली होती. तिनं आणखी काही विचारलं नाही. आम्ही सगळे "तुला त्रास दिला का" हे निरनिराळ्या तऱ्हेनं विचारत होतो. तिलाही त्याच आठवड्यात असाइनमेंट द्यायच्या होत्या, म्हणून तिनं काय राहिलंय ते विचारलं.

मुलगा बाहेर गेल्यावर वाद झाला, आणि तो चांगलाच झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं, पोरांचं वर्ष वाया जाईल, माफीनामा घेऊ आणि सोडू. माफीनाम्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. आमच्या फायलीत असे कितीतरी आहेत, सगळ्यांचा मजकूर एकच, कारण तो कार्यालयच सांगतं आणि मुलं उतरवून घेतात. मी विनियमातली व्याख्या वाचून दाखवली. एखाद्या विद्यार्थ्याला किंवा गटाला नेमून दिलेलं शैक्षणिक काम नव्या विद्यार्थ्याकडून करवून घेणं, हे त्यात जसंच्या तसं आहे. 2016 च्या दुरुस्तीनं भाषा, प्रांत, जन्मस्थान, आर्थिक परिस्थिती यांवरून केलेली छळवणूक आणि वाळीत टाकणंही त्यात घेतलंय. मेसमधलं ते रिकामं टेबल त्यात बसतं.

पोलिसांकडून आलेल्या उपनिरीक्षक बाई तोवर फारशा बोलल्या नव्हत्या. त्यांनी 1999 च्या कायद्याची प्रत बाहेर काढली. एखादा विद्यार्थी एरवी स्वखुशीनं जे करणार नाही ते त्याला करायला सांगणं, हे त्या कायद्यानं रॅगिंगच आहे; शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर निलंबन करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची. "आणि सर," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "प्रमुखानं हे केलं नाही, तर गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं. तेही यातच आहे." नॅकचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मुलाला पुन्हा बोलावलं, वडिलांनाही. लेखी तक्रार द्यायची की नाही हे त्यांच्यावर सोडलं; आम्ही मात्र आमच्या अहवालावर कारवाई करणारच, हे स्पष्ट सांगितलं. वडील मुलाकडे बघत राहिले. मुलानं पेन मागितलं.

ज्या दोघांची जर्नलं त्यानं लिहिली होती, ते एका सत्रासाठी निष्कासित झाले आणि जर्नलं रद्द झाली. तिसऱ्यावर तासभर घासाघीस झाली. तो खोलीत असायचा, नकलांना हसायचा, पण काम त्यानं कधी करवून घेतलं नव्हतं. त्यालाही तीच शिक्षा द्यावी असं दोघांचं मत होतं. मी विरोध केला आणि तसं इतिवृत्तात लिहूनही ठेवलं. हसणारा आणि राबवून घेणारा एका मापानं मोजले, तर पुढच्या वेळी हसणाऱ्याला राबवून घ्यायला काय हरकत आहे? तो वसतिगृहातून गेला, सत्र वाचलं. कोथरूडचे वडील अपिलाची भाषा करत गेले. तो त्यांचा हक्क आहे आणि कुठं करायचं ते मीच त्यांना सांगितलं.

हेल्पलाइनला फोन कुणी केला हे मी शोधलं नाही. तो गिचमिड जर्नलवाला खाली मान घालून बाहेर पडला तेव्हा मनात एक शंका येऊन गेली, तेवढंच.

सगळे गेल्यावर हिंगोलीचा मुलगा दारात घुटमळत होता. मला वाटलं, त्याला वसतिगृहाबद्दल विचारायचं असेल. त्याला जर्नलची मुदत हवी होती. एफ. वाय.च्या सरांशी बोलून ती मिळेल असं मी सांगितलं.

"पण मॅडम, रीडिंग कुठलं लिहू? बऱ्याच प्रॅक्टिकलला मी झोपेत होतो. त्यांचं घेऊ का? पाठ आहे मला."

"नाही," मी म्हटलं. "सोमवारी दोन वाजता लॅब रिकामी असते. ये आणि स्वतः काढ."

"सगळे प्रयोग?"

"सगळे. आणि ॲप्रन आण, परमँगनेटचे डाग निघत नाहीत."