आईनं स्वतःला काढलंच नाही

दुपारपासून तो कागद समोर आहे. आईनं पुराचं चित्र काढलं आणि त्यात ती स्वतः कुठेच नाही.

माझ्या प्रबंधाची प्रश्नावली आधी भरून झाली होती. एखादा भारून टाकणारा प्रसंग आठवायचा आणि तेव्हा काय वाटलं ते सांगायचं; इंग्रजीत त्या भावनेला 'awe' म्हणतात. २०१८ ची, ३० विधानं, प्रत्येकाला १ ते ७. वेळेचं भान सुटलं का, आपण लहान वाटलो का, अंगावर काटा आला का, समोरचं मनात मावेना असं झालं का. 'awe'साठी मी मराठीत 'विस्मय' लिहिलं होतं. आई म्हणाली, "हे जादूच्या प्रयोगासारखं वाटतंय." मग 'भारावून जाणं' केलं. तेही पुरतं बसत नाही.

आणि प्रसंग कुठला निवडला, तर सांगलीचा २०१९ चा पूर! मला वाटलं होतं, कासची फुलं सांगेल. "घाबरले होते गं, पण नजर काही हलत नव्हती. पाणी आवाज न करता चढत होतं." धोक्याच्या छायेतलाही विस्मय असतो, हे केल्टनर आणि हाइट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्येच मांडलंय. मला ते पाठ आहे. आईच्या तोंडून ऐकलं तेव्हा मात्र पेन हातातच राहिलं.

चित्राची कल्पना अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या अभ्यासातली. तिथल्या प्रवाशांनी स्वतःला लहान काढलं होतं, सॅन फ्रान्सिस्कोच्या गजबजलेल्या धक्क्यावरच्या लोकांनी मोठं. म्हणून मी मोजपट्टी घेऊनच बसले होते. आईनं समोरच्यांचा पत्रा काढला, पाण्याबाहेर उरलेला अर्धा खांब, पत्र्यावर कुत्रं.

"तू कुठायस?"

"मी माडीवर होते. तिथनं मी मला कशी दिसीन?"

आता काय लिहू? शून्य? शून्य म्हणजे अगदी लहान, की नव्हतीच? ती तर होती. चार दिवस तिथंच होती. मी पुण्यात मोबाईलवर आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघत होते, ५५, ५६, ५७ फूट. दर तासाला बघायचे. आई काय बघत होती ते एकदाही विचारलं नाही. आज विचारलं, तेही माझ्या प्रबंधासाठी. दादानं निदान... जाऊ दे.

किती महिने या मोजण्यात घातले आणि घरचंच माणूस त्यात बसेना, म्हणून मघाशी रडूच आलं. आता वाटतंय, ती बरोबर बोलली. नजर हलत नव्हती, तर स्वतःकडे वळणार कधी? रकाना मोकळाच ठेवते. तिचं वाक्य बाजूला जसंच्या तसं लिहिलंय, 'दिसीन'सकट.

आत्ता येऊन कागद मागतेय. कुत्र्याचा एक पाय राहिलाय म्हणे.