रिपोर्ट नॉर्मल आहेत, पापण्या नाहीत

मंगळवार, रात्री

डोळे कोरडे आणि पापण्या खाजतात म्हणून केलेले रक्ताचे रिपोर्ट आले. प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटलीय का ते बघणाऱ्या दोन्ही चाचण्या, एएनए निगेटिव्ह, एसएस-ए निगेटिव्ह, थायरॉइड नॉर्मल, शुगर नॉर्मल. नवरा म्हणाला चला सुटलो, आणि सुटलोच म्हणायचं, कारण श्योग्रेन निघालं असतं तर आयुष्यभराचं लचांड होतं. त्यात आपलीच प्रतिकारशक्ती अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उठते, डोळे कोरडे, तोंड कोरडं. स्वीडनच्या ज्या डोळ्यांच्या डॉक्टरनी १९३३ साली त्यावर प्रबंध लिहिला त्यांचंच नाव पडलंय. डॉक्टरनी मला विचारलं होतं, कोरडी पोळी पाण्याशिवाय गिळता येते का, मी घरी येऊन खरंच सकाळची गार पोळी नुसती खाऊन बघितली, गेली खाली व्यवस्थित. तर ते नाही.

मग काय आहे? कारण रिपोर्ट वाचता वाचताच उजव्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात सुरू झालं होतं. आधी एकाच केसाच्या मुळाशी बारीकशी टोच, दुर्लक्ष केलं तर सहन होईल इतपत, मग ती रांगेने पुढे सरकते आणि अख्खी पापणी खाजायला लागते, बाहेरून दिसत काहीच नाही, ना पुरळ ना सूज ना रांजणवाडी, फार तर जराशी लाली, आणि ती तर रात्री उशिरा झोपलेल्या कुणालाही असते. चोळलं की दोन सेकंद असं काही बरं वाटतं की विचारू नका आणि मग दुप्पट. त्याचं कारणही आता पाठ झालंय, चोळलं की त्वचेतल्या मास्ट पेशी फुटून आणखी हिस्टामिन बाहेर पडतं, म्हणजे खाज मिटवायला गेलात की खाजेचीच भर. शिवाय वर्षानुवर्षं डोळे चोळणाऱ्यांचं बुबुळ पातळ होऊन पुढे येऊ शकतं, हे डॉक्टरनी मला पहिल्याच भेटीत सांगून ठेवलंय. तर चोळायचं नाही. ऑनलाइन मीटिंगमध्ये मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसते, कॅमेऱ्यात ते दिसत नाही.

रात्री जास्त होतं. सूज-खाज आवरणारं कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक संध्याकाळनंतर उतरतं, पांघरुणात ऊब, आणि लक्ष द्यायला दुसरं काही नसतं.

गुरुवार

आज २० तारीख, म्हणजे क्लायंटचे जीएसटीचे थ्री-बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, म्हणजे सकाळी नऊ ते रात्री नऊ स्क्रीन. सगळे म्हणतात स्क्रीनमुळेच होतंय तुला. खोटं नाही ते. एरवी माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, स्क्रीनसमोर ते पाच-सातवर येतं, आणि त्यातही पुष्कळदा अर्धवटच. पण मग दिवाळीनंतर आम्ही गुहागरला गेलो होतो तेव्हा काय? लॅपटॉप घरी ठेवून गेले होते, दमट हवा, समुद्र, डोळे इतके ओले आणि शांत की ड्रॉपची आठवणही झाली नाही. आणि पापण्या? त्या मात्र तिथेही खाजत होत्याच, नारळाच्या सावलीत बसून.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की ही दोन वेगळी दुखणी असावीत आणि मी त्यांना एक समजून वागवतेय. डोळा कोरडा आहे तो खुपतो, चुरचुरतो, संध्याकाळी वाळू गेल्यासारखा होतो. पापणी खाजते ती वेगळी. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, शक्य आहे. त्यांचं 'शक्य आहे' मला आता ओळखीचं झालंय.

मुळात पापणी नक्की कुणाची हाच प्रश्न आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, ही बाहेरची कातडी आहे, स्किनवाल्यांना दाखवा. स्किनचे म्हणतात, केसांच्या रेघेच्या आतलं आमचं नाही. आणि खाज नेमकी त्या रेघेवर.

डोळ्यांच्या तपासण्या सगळ्या झाल्यात. शर्मर टेस्ट म्हणून एक असते, फिल्टर पेपरची बारीक पट्टी, तिचं टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटं तसंच बसायचं, पट्टी गालावर लोंबत. समोर आरसा होता, त्यात मी स्वतःला बघत बसले होते आणि मला हसू येत होतं पण हसलं की पट्टी हलते. पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतात, अश्रूंची ओल कुठवर उतरली ते बघायचं, पाचच्या खाली असेल तर चांगलाच कोरडा, दहाच्या वर म्हणजे ठीक. माझं दोन्हीकडे दहाच्या वर. म्हणजे पाणी आहे. मग नारिंगी रंगाचा थेंब टाकून निळ्या दिव्याखाली बघतात, हनुवटी टेकवा, कपाळ पुढे, माझ्या कानाकडे बघा, आता पापणी लववू नका. अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. दहा सेकंद टिकला तर बरा, माझा पाच. पाणी आहे पण ते टिकत नाही, कारण त्यावर तेलाचा जो पातळसा थर हवा तो धड नाही. ते तेल पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून येतं, वरच्या पापणीत पंचवीस ते चाळीस, खालच्यात वीस-तीस. १६६६ साली हाइनरिश मायबोम नावाच्या जर्मन डॉक्टरनी त्यांचं वर्णन केलं, म्हणजे महाराज आग्र्याहून निसटले त्या साली, त्यामुळे हे साल मी विसरणं शक्य नाही. डॉक्टरनी कॉटन बडने पापणी दाबून दाखवलं. तेलासारखं पातळ यायला हवं, माझ्याकडे टूथपेस्टसारखं घट्ट.

त्यावर उपाय शेक. चाळीस डिग्रीच्या आसपास ऊब मिळाली की ते घट्ट झालेलं वितळतं. रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळून ठेवला तर दोन मिनिटांत गार, मग परत बुडवा, असं दहा मिनिटं. शेकलं की डोळ्याला बरं वाटतं, हो वाटतं, खोटं कशाला बोलू. पण शेक लागला की पापणी पेटते. तिला गार पाहिजे. गार ठेवलं की तेल परत गोठतं. खाजेसाठी रात्री सेट्रिझिन घेतली की झोप लागते पण सकाळी डोळा पार सुकलेला, कारण ह्या गोळ्या अश्रूही कमी करतात. एकीला जे हवं ते दुसरीला नको, आणि मी मधे रुमाल घेऊन उभी.

थ्री-बी सगळे गेले. दोन क्लायंटनी नेहमीप्रमाणे रात्री आठला बिलं पाठवली.

शनिवार

सासूबाईंनी आज परत दुधाच्या घड्या ठेवायला लावल्या. गार दूध, कापसाच्या घड्या, आडवं पडून राहायचं. छान वाटतं, उठलं की चेहऱ्याला वास येतो एवढंच. धन्याचं पाणी झालं, काकडी झाली, गुलाबपाणी डोळ्यात टाकायला मी ठाम नकार दिला आणि एरंडेलालाही, त्यावर त्या दोन दिवस गप्प होत्या. जवसाची चटणी मात्र रोज ताटात असते. ओमेगा-३ ने डोळे सुधारतात असं लेकीने वाचून मला कॅप्सूलही आणून दिल्या होत्या. मग तिनेच शोधलं की २०१८ मध्ये अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, एका गटाला वर्षभर रोज माशाच्या तेलातलं तीन ग्रॅम ओमेगा-३ आणि दुसऱ्याला ऑलिव्ह ऑइल, आणि बरं दोघांनाही सारखंच वाटलं. कॅप्सूल बंद केल्या. चटणी चालू आहे कारण ती चांगली होते.

सोसायटीतल्या लोकांचं निदान ठरलेलं, गाजर गवत. आमच्या मागचा मोकळा प्लॉट त्याने कमरेएवढा भरलाय, पाऊस संपला की सगळीकडे पांढरी फुलं. हे मला पटलं होतं, अगदी मनापासून पटलं होतं, कारण त्याची ॲलर्जी खरंच हवेतून येते आणि पापण्या, मान, कोपराची खोबण अशाच ठिकाणी धरते. आणि देशात हे गवत पहिल्यांदा नोंदवलं गेलं तेच मुळी पुण्यात, १९५० च्या दशकात, अमेरिकन गव्हाबरोबर आलं म्हणतात म्हणून काँग्रेस गवत. म्हणजे पुण्यात राहून पुण्याचंच दुखणं, सगळं कसं बसत होतं.

म्हणून पॅच टेस्ट केली. पाठीवर चिकटपट्ट्या, त्यात एकेक पदार्थ, गाजर गवत, केसांच्या डायमधलं पीपीडी, सेंटचं मिश्रण, प्रिझर्व्हेटिव्ह, रबर, आणि अठ्ठेचाळीस तास पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मे महिन्यात! घाम येऊ द्यायचा नाही म्हणे. मी दोन दिवस पालथी पडून हिशोब तपासले. पट्ट्या काढल्या, पेनने खुणा केल्या, दोन दिवसांनी परत बोलावलं. गाजर गवत, काही नाही. सेंट, डाय, काही नाही. निकेल मात्र लालबुंद. स्किनच्या डॉक्टर खूश झाल्या, म्हणाल्या, तुम्हाला खोटे कानातले चालत नसणार. ते मला कॉलेजपासून माहितीये हो. पापण्यांना मी कुठे कानातले घालते.

डेमोडेक्स पण बघून झालं. पापणीच्या केसांच्या मुळाशी राहणारे किडे, तिसरा हिस्सा मिलिमीटरचे, दिवसा आत आणि रात्री बाहेर फिरतात, वय वाढलं की बहुतेकांना असतातच. ते वाचलं त्या रात्री खाजेने नाही तर नुसत्या कल्पनेने झोप लागली नाही. पण ते असले की केसांच्या बुडाला कोंड्याची नळीसारखी खपली दिसते, माझ्याकडे ती नाही.

रविवार, रात्री

हे लिहायचंच होतं, टाळत होते.

डोळा आणि पापणी दोघांनाही एकदम खूश करणारं औषध आहे. स्टेरॉइड. गेल्या वर्षी डॉक्टरनी अगदी थोड्या दिवसांसाठी सौम्य ड्रॉप आणि मलम दिलं होतं, तिसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि डोळे आहेत हेच जाणवलं नाही. ज्याला हे दुखणं नाही त्याला सांगून कळणार नाही, डोळे आहेत हे न जाणवणं म्हणजे काय ते. मी त्या दिवशी एका बैठकीत सबंध पेपर वाचला, अग्रलेखासकट. कोर्स संपला, आठवड्याने पापणीने परत टोच दिली.

आणि ते ड्रॉप मेडिकलमध्ये सहज मिळतात. कोपऱ्यावरच्या दुकानात मी नुसतं नाव घेतलं तर पोऱ्या म्हणाला, दोन देऊ का मॅडम? चिठ्ठी वगैरे कुणी विचारलं नाही. मी घेतले नाहीत, का घेतले नाहीत तर आईमुळे. आईला काचबिंदू आहे. स्टेरॉइडचे ड्रॉप बरेच आठवडे घातले की साधारण तीनातल्या एका माणसाचं डोळ्याचं प्रेशर वाढतं, आणि घरात आईला, भावंडांना काचबिंदू असेल त्यांना हा धोका जास्त. प्रेशर वाढलेलं कळत नाही, दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडेची नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही. जास्त वापरलं तर मोतीबिंदूही लवकर.

आईचा फोन रोज रात्री नऊला येतो, ड्रॉप टाकला की. तिच्या डोळ्याला काहीच होत नाही. खाज नाही, खुपणं नाही, पाणी नाही, "अगं मला तर काही वाटतच नाही, तो मशीनवाला उगाच घाबरवतो." आणि त्या मशीनवर ठिपके दिसले की बटण दाबायचं असतं तिथे तिचे एका बाजूचे ठिपके दरवर्षी थोडे थोडे राहून जातात. मला सगळं वाटतं आणि माझी नजर एकदम ठणठणीत, शेवटची ओळ बिनचूक वाचते. तिच्या दुखण्याला नाव आहे, फाइल आहे, नऊची वेळ आहे, माझ्याला नुसती खाज. कधीकधी मला तिचा हेवा वाटतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते, पण वाटतो.

गंमत म्हणजे तिच्या त्या ड्रॉपचा साइड इफेक्ट असा की पापण्यांचे केस लांब आणि काळे होतात. सत्तरी उलटलेल्या बाईच्या पापण्या इतक्या दाट झाल्यात की मागच्या लग्नात एका मुलीने तिला विचारलं, आजी, लावल्यात का? आईने आठवडाभर ते सगळ्यांना फोन करून सांगितलं. माझे चोळून चोळून विरळ झालेत.

सोमवार

स्किनच्या डॉक्टरनी आज टॅक्रोलिमसचं मलम दिलं, ०.०३ टक्के. हे स्टेरॉइड नाही, प्रेशर वाढवत नाही, पण सुरुवातीचे काही दिवस चांगलंच जळजळतं म्हणाल्या, फ्रिजमध्ये ठेवून गार लावा म्हणजे कमी लागेल. मी विचारलं, पण मला झालंय काय? त्या खरं बोलल्या, म्हणाल्या नक्की सांगता येत नाही, उपयोग झाला तर त्यावरून अंदाज बांधू. मला आवडलं ते. 'शक्य आहे' पेक्षा बरं.

पापणी एका औषधावर आणि डोळा दुसऱ्यावर असं पहिल्यांदाच होतंय. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉपही चालू केलेत, एकेकाच्या कुपीतले, महाग पडतात, पण साध्या बाटलीतलं बेन्झाल्कोनियम हे प्रिझर्व्हेटिव्ह स्वतःच डोळ्याला झोंबतं असं म्हणतात, तर तेही एक बाद करून बघू. पंख्याची दिशा बदलता येत नाही म्हणून पलंगाची बदलली, नवऱ्याची कुरकुर चालू आहे.

पुढच्या महिन्यात आईची तपासणी आहे, तिला घेऊन मीच जाणार. माझंही प्रेशर तिथेच मोजून घेईन म्हणते, गेल्या वर्षीच्या त्या कोर्सनंतर कुणी मोजलेलंच नाही आणि मीही मागे लागले नाही कुणाच्या. मलम फ्रिजमध्ये दह्याच्या मागे आहे. सासूबाईंनी आत्ताच विचारलं, ही कसली ट्यूब गं, चेहऱ्याला लावायची का. म्हटलं आई, हात लावू नका, जळजळतं. तर म्हणाल्या, मग दूधच बरं की.