'ह्यात जिंकतं कोण?'

पन्हाळ्याच्या वेढ्यावर मी एक टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (आरपीजी) लिहिला, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेकानं एक पात्र व्हायचं आणि बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची असा खेळ. त्याला दोन वर्षं झाली. लिहून झाला, पण खेळायला माणसं मिळेनात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा असाच खेळ १९७४ पासून जगभर खेळला जातो, तरी कोल्हापुरात या खेळांचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "मोबाईलवरचा काय?"

पहिलं पोस्टर राजारामपुरीत छापलं. वर मोठा ड्रॅगन, खाली 'टेबलटॉप आरपीजी, नवीन खेळाडूंचं स्वागत'. कॉलेजांबाहेर, झेरॉक्सच्या दुकानांत चिकटवलं. तीन आठवड्यांत दोघं आले आणि दोघंही आधीपासून खेळणारे निघाले. रीलला लाईक्स मिळाले, माणूस एकही नाही. एका संस्थेनं हॉल देतो म्हणून सांगितलं होतं, पण टेबलावर फासे असतात हे कळल्यावर 'आमच्यात जुगार चालत नाही' असा निरोप आला. फार लागलं ते मनाला. आपल्याकडे फासा म्हटला की लोकांना द्यूतच आठवतं, हे मी आधी ध्यानात घ्यायला हवं होतं.

ज्यांना बसून समजावलं, त्यांचाही प्रश्न ठरलेला. "भावा, ह्यात जिंकतं कोण?" कुस्तीच्या गावात हा प्रश्न येणारच. मी म्हणायचो, कुणीच नाही, सगळे मिळून गोष्ट रचतात. तेवढ्यावर समोरचा उठायच्या तयारीत.

मंगळवार पेठेत एक मिसळीचं दुकान आहे. सकाळी उभं राहायला जागा नसते, दुपारी चारला टेबलं रिकामी. तिथल्या मावशींनी रविवारी एक टेबल दिलं, चहा तिथलाच घ्यायचा एवढ्याच बोलीवर. एकदा शेजारच्या बाकावर कोकणातले एक काका माझं सगळं बोलणं ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे आमच्या दशावतारासारखं. आख्यान ठरलेलं, संवाद आयत्या वेळचे."

त्या एका वाक्यानं माझं काम केलं. मी वर्षभर नियम समजावत होतो, आणि लोकांना हवा होता ओळखीचा धागा. ड्रॅगन काढून टाकला. नवीन पोस्टरवर एवढंच लिहिलं: 'जुलै १६६०. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा. बाहेर धो धो पाऊस, घरातलं धान्य संपत आलंय. तुम्ही गडावरचे लोहार आहात. काय करता?' खाली वार, वेळ, जागा. 'आरपीजी' हा शब्दच नाही.

'जिंकतं कोण' याचं उत्तरही तिथंच मिळालं. महाराज गडावरून निसटले, हे सगळ्यांना पाठ आहे. तो इतिहास माझ्या खेळात बदलत नाही आणि महाराजांची भूमिका मी कुणालाही देत नाही. प्रश्न राहतो तो कासारणीचा, पखालीवाल्याचा, लोहाराचा. त्या रात्री त्यांनी काय केलं? हे कुणालाच माहीत नाही, ते टेबलावर ठरतं. असं सांगितलं की माणूस खुर्ची पुढे ओढतो.

खेळातही बदल केले. तीन तासांचा डाव नवख्याला झेपत नाही, म्हणून चाळीस मिनिटांचा केला. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, भरण्यातच अर्धा तास जायचा. आता पोस्टकार्डाएवढी सहा कार्डं तयार असतात. नाव, काम, एक भीती, एक गुपित. वीस बाजूंचे फासे कुरिअरनं मागवले होते, ते बाजूला ठेवले. त्यात सगळ्यात वाईट १ पडण्याची शक्यता सगळ्यात चांगल्या २० पडण्याइतकीच, आणि नव्या माणसाला पहिल्याच फेकीला १ पडला की तो गप्प होतो. आता लुडोतले दोन साधे फासे. बेरीज १० किंवा वर आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर जमतं पण काहीतरी गमवावं लागतं, त्याखाली संकट वाढतं. ही पद्धत २०१० च्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड' या खेळावरून घेतली. ३६ पैकी २१ वेळा काही ना काही साधतं. शिवाय लुडोचे फासे बघून कुणाच्या मनात जुगार येत नाही.

आणखी एक नियम पाळला: पाच खुर्च्यांपैकी एक कायम नवीन माणसासाठी. जुन्यांची कितीही गर्दी असो, ती अडवायची नाही. पहिल्या महिन्यात ती बरेचदा रिकामी राहिली, तेव्हा जीव तुटायचा. मग कॉलेजची एक मुलगी आपल्या आत्याला घेऊन आली. आत्यांनी पखालीवाला असा रंगवला की टेबलाभोवती माणसं उभी राहिली. पुढच्या दोन रविवारी दुसरं टेबल लावावं लागलं.

गेल्या रविवारी एक जण आला नाही. मावशींनी पदराला हात पुसले आणि स्वतःच बसल्या. कासारणीचं कार्ड उचललं. वेढ्यातून निरोप बाहेर न्यायचा होता; त्यांनी तो बांगड्यांच्या माळेत दडवला आणि फाशांवर ८ आले. निरोप पोचला, पण बांगड्या सगळ्या फुटल्या. मावशी बराच वेळ कार्डाकडं बघत राहिल्या.

"पुढच्या रविवारी हीच बाई मला मिळंल न्हवं?"

ते कार्ड मी वेगळं काढून ठेवलंय.